नोकरी सोडून फेण्या कशा कराव्यात

म्हसा, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात राहणाऱ्या, पहाटेची एसटी पकडून कल्याण गाठणाऱ्या आणि तिथून पुढे लोकलच्या दारात लटकताना ‘यापेक्षा घरी बसून दोन पैसे कमावले असते’ असं मनाशी म्हणणाऱ्या सर्व होतकरू पुरुषांसाठी हे मार्गदर्शन आहे. मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांनाही ते लागू पडेल. बायकांनी वाचायला हरकत नाही, पण यातलं बहुतेक सगळं त्यांना येत असल्यामुळे कंटाळा येण्याचा संभव आहे.

घरगुती धंदा म्हणून वाळवणाच्या फेण्याच का, असं कोणी विचारेल. उत्तर सोपं आहे. शेळीपालनात शेळ्या मरतात, कुक्कुटपालनात कोंबड्या मरतात, आणि फार्महाउसच्या जमिनींची दलाली केली तर भावकी बोलायची बंद होते. फेणी मरत नाही. शिवाय तांदूळ घरचा आहे, ऊन फुकट आहे आणि आईला फेण्या येतात. या तिन्ही वाक्यांकडे आपण पुढे परत येणार आहोत, तोवर ती खरी धरून चालावं.

राजीनामा

राजीनाम्याचा उत्तम मुहूर्त म्हणजे पगार खात्यात पडल्याचा दुसरा दिवस. वाईट मुहूर्त म्हणजे साहेबाशी वाजलं तो दिवस. आपल्याकडचे बरेचसे गृहउद्योग दुसऱ्या मुहूर्तावर सुरू होतात.

कायम कामगाराला ग्रॅच्युइटी पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर लागू होते. तेव्हा चौथ्या वर्षी स्वाभिमान जागा झालाच, तर त्याला थोपटून वर्षभर पुन्हा झोपवावं. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे निघतील तेव्हा निघतील. ते भांडवलात आजच मोजू नयेत आणि बायकोला तर मुळीच सांगू नयेत, कारण तिच्याकडे घराच्या पत्र्यांचा हिशेब आधीच तयार असतो.

कर्ज घ्यायचं असेल तर राजीनाम्याच्या आधी घ्यावं. हे वाचायला विचित्र वाटेल, पण बँकेच्या काउंटरवर उभं राहिलं की लगेच समजतं. धंद्यासाठी कर्ज मागणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, पगाराची स्लिप आहे का? स्लिप असेल तर आठवड्यात पैसे. नसेल तर तीन वर्षांची विवरणपत्रं, जागेचा उतारा, कोटेशन, प्रकल्प अहवाल आणि वर एक जामीनदार, तोही नोकरीवाला. म्हणजे नोकरी सोडायला घरात नोकरी न सोडलेला एक तरी मेव्हणा लागतो. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज विनातारण मिळतं, हे खरं. मात्र मॅनेजरसाहेब ते कोणत्या वारी देतात, याची चौकशी गावात ज्यांना मिळालं आहे त्यांच्याकडे करावी.

राजीनामा दिल्याचं गावात लगेच सांगू नये. सकाळी साडेपाचला डबा घेऊन निघायचं आणि मुरबाडच्या स्टँडवर दिवसभर बसायचं, असा प्रयोग काही जण करतात. पण स्टँडवर सगळा तालुका येतो. त्यापेक्षा ‘वर्क फ्रॉम होम आहे’ असं सांगावं. २०२० पासून हे उत्तर खेड्यातही चालतं. घरात लग्नाचा भाऊ असेल तर मात्र सांगण्याच्या वेळेचा नीट विचार करावा, कारण मुलीकडची मंडळी ‘थोरला काय करतो?’ हेही विचारतात, आणि ‘फेण्या’ हे उत्तर चहाचा कप खाली ठेवायला लावतं.

स्फूर्ती

उद्योजकाला स्फूर्ती लागते. ती रात्री अकरानंतर मोबाईलवर मिळते. अशा प्रत्येक व्हिडिओत लिज्जत पापडाची गोष्ट असतेच, त्यामुळे ती पाठ करून ठेवावी. १५ मार्च १९५९, गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये, पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. पुढे देशभर शाखा आणि कोट्यवधींची उलाढाल.

गोष्ट एवढ्यावरच थांबवावी. पुढचा भाग नवशिक्यांना त्रासदायक आहे. तिथे बायका सकाळी केंद्रावरून पीठ नेतात, घरी पापड लाटतात, परत आणून वजन करून देतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. तिला ‘वणई’ म्हणतात. लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार असते. आणि पुरुषाला त्या संस्थेचं सभासदत्वच मिळत नाही. हिशेबनीस होता येतं, गाडी चालवता येते, पण मालक होता येत नाही.

गिरणगावातल्या खाणावळींचीही गोष्ट अशीच मधेच सोडून द्यावी लागते. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं. रोज ताटांवर ताटं वाढणाऱ्या या बायकांच्या कामाला तोवर ‘घरकाम’ म्हणत, उद्योग नव्हे. आपला उद्योग याच्या बरोबर उलट आहे. काम घरकामच राहील, उद्योजक मात्र आपण असू.

कृती

तांदूळ तीन दिवस भिजत घालावा. पाणी रोज बदलावं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला की वाटावा. पूर्वी पाट्यावर वाटत, आता मिक्सर आहे. वीज असेल तर.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. फेण्यांचा हंगाम होळीनंतर सुरू होतो आणि पाण्याची ओरडही तेव्हाच. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातली, पाणी मात्र मुंबईच्या नळाला. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तीन दिवस रोज पाणी बदलून टाकायचं म्हणजे ते आणणाऱ्या डोक्यांचा विचार करावा लागतो. ती डोकी कोणाची, हे सांगायला नको. फेण्या विकायला मुंबईलाच नेणार असलात तर पाण्याचं वळण मोडणार नाही, एवढंच समाधान.

वाटलेल्या पिठात मीठ, जिरं, हवे तर तीळ. पीठ पळीवाढं करावं. ताटलीला तेलाचं बोट फिरवून मधोमध पळीभर पीठ ओतायचं आणि पळीच्या पाठीने गोल फिरवत कडेला न्यायचं. ताटली वाफेवर ठेवायची. मिनिट-दोन मिनिटांत पांढरं पीठ काचेसारखं होतं. मग ताटली उतरवून, कड नखाने सुटी करून, दोन्ही हातांच्या बोटांनी अख्खी फेणी अलगद उचलायची. वाफेने बोटांची टोकं लाल होतात. गरम असताना ओढली तर फाटते, गार होऊ दिली तर चिकटून बसते. मधला क्षण कोणता, ते आईला विचारलं तर ती सांगू शकत नाही, नुसती उचलून दाखवते. फाटलेल्या फेण्या ओल्याच तेल लावून पोरं खातात, आणि पहिल्या तासात पोरांची चंगळ असते.

उचललेली फेणी प्लास्टिकच्या कागदावर वाळत घालायची. दुपारी उलटायची. संध्याकाळी गोळा करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. डब्यात भरताना हातात घेऊन वाजवून बघतात. कडक वाजली तर वाळली, नाहीतर महिन्यात बुरशी.

या सगळ्यात उद्योजकाची भूमिका काय? पहिली, कावळे हाकणे. त्यासाठी खुर्ची, काठी आणि टोपी लागते. दुसरी, फोटो काढणे. फेणी उन्हाच्या दिशेला धरली की आरपार दिसते, तो फोटो स्टेटसला चांगला उठतो. फोटोत आईचे हात आले तर कापू नयेत, त्यानेच गिऱ्हाईक फसतं. चुकलो, खात्री पटते.

मृग लागला की धंदा बंद. ऊन थेट दसऱ्याच्या आसपास परततं, आणि मधल्या काळात फेण्या करणारे सगळे हात चिखलात लावणी करत असतात. वर्षातले तीन-साडेतीन महिने उत्पादन आणि बारा महिने हप्ता, असं हे गणित आहे. नोकरीत याच्या उलट असायचं, काम बारा महिने आणि पगार सात तारखेपर्यंत पुरायचा.

हिशेब

हिशेबाची वही स्वतः लिहावी. इथे एक नमुना देतो. आकडे समजा म्हणून धरावेत, पण आपल्या गावचे भाव घातले तरी फारसा फरक पडणार नाही.

तीन किलो तांदूळ, ५० च्या भावाने १५० रुपये. घरचा तांदूळ असला तरी लिहायचा, तो बाजारात विकला असता. गॅस, तेल, जिरं, पिशव्या मिळून १५०. खर्च ३०० रुपये. वाळून भरतील अडीच किलो फेण्या. ४०० रुपये किलोने आले हजार. नफा ७०० रुपये. नफ्याचं प्रमाण बघून छाती फुगते. याच जागी बहुतेक जण वही मिटतात आणि राजीनामा टाइप करायला घेतात.

वहीत एक रकाना कोरा राहिलेला असतो. वाटणं, वाफवणं, उचलणं, वाळवणं हे दोन बायकांचं एका दिवसाचं काम झालं. भिजवण्याचे, पाण्याचे आणि दुसऱ्या दिवशीच्या वाळवणाचे तास सोडून देऊ. महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. तलाव खोदणाऱ्याला सरकार देतं तेवढं तरी आपल्या आईला आणि बायकोला द्यावं, असं धरलं, तर दोघींचे झाले ६२४. सातशेतून सहाशे चोवीस गेले. उरले ७६ रुपये. त्यात मुरबाडला जाऊन-येऊन पेट्रोल.

तेव्हा नवशिक्यांसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना ही की तो रकाना कोराच ठेवावा. घरगुती धंद्याचा नफा जो म्हणतात तो तिथेच असतो. प्रकल्प अहवालात ‘मनुष्यबळ: घरातील’ असं लिहायची पद्धत आहे. अधिकाऱ्यांना ते चालतं, बँकेला चालतं, व्हिडिओवाल्यांना तर फारच आवडतं. तुमचं स्वातंत्र्य कोणाच्या रोजावर उभं आहे, असं कोणी विचारत नाही. विचारलंच तर ‘आमच्याकडे सगळे मिळून करतो’ म्हणावं आणि कावळे हाकायला उठावं.

गिऱ्हाईक

पहिलं गिऱ्हाईक नातेवाईक. ते पैसे देत नाहीत, चव बघतात. दुसरं शेजारी. ते देतात, पण भाताच्या पैशांवर, म्हणजे दिवाळीनंतर. तिसरं कल्याण-डोंबिवलीतलं, व्हॉट्सअॅपवरचं. त्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘घरगुतीच आहे ना?’ आणि हो म्हटल्यावर दुसरा, ‘मग एवढं महाग कसं?’

दुकानदार माल जाकडावर घेतो. म्हणजे माल तुमचा, जागा त्याची, खपला तर पैसे, न खपला तर चुरा परत. नोकरीत एक साहेब होता. इथे प्रत्येक पाकिटामागे एक साहेब भेटतो आणि रविवारीही फोन करतो.

मोठा माल मोठ्या गिऱ्हाइकाला द्यायचा, हा मार्गही आपल्याच भागात झालेला आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन योजनेत केंद्र काढून रानातला गुळवेल गोळा केला, सुकवला आणि थेट मोठ्या औषध कंपन्यांना विकला. कोविडच्या काळात त्याची देशभर बातमी झाली. पण त्यांनी गोळा करणाऱ्यांना पैसे दिले, त्यामुळे आपल्या पद्धतीत ते उदाहरण बसत नाही.

यात्रा

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. खांबलिंगेश्वराला नवस फेडायला आणि बाजार करायला ठाणे, रायगड, नगर, पुण्याकडून माणसं येतात. घोंगड्या, ब्लँकेटं, भांडी, विळे-कोयते, मिठाई, पाळणे आणि मुख्य म्हणजे बैल. घराच्या दारात एवढी माणसं आयती येत असताना स्टॉल न टाकणारा उद्योजक करंटाच म्हणायचा.

स्टॉल टाकावा. बॅनरवर स्वतःचा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘प्रो. प्रा.’ लिहून घ्यावं. शेजारी ब्लँकेटवाला येईल अशी जागा मिळाली तर बरं, कारण थंडीत ब्लँकेटं बघायला उभ्या राहिलेल्या बायका फेण्यांवरून नजर फिरवतात. बघतात, एक तोडून बघतात, आणि ‘आम्हीपण घरी करतो’ म्हणून पुढे जातात. नवशिक्याला हे आधी सुचत नाही. यात्रेला येणारा प्रत्येक माणूस अशाच एखाद्या घरातून आलेला असतो, जिथे फेण्यांचा डबा माळ्यावर भरलेला आहे. म्हशाच्या बाजारात फेण्या विकणं म्हणजे मुरबाडात भात विकत घ्या म्हणून ओरडण्यासारखं आहे. ज्याला फेणी उचलता येत नाही तोच फेणी विकत घेतो, आणि तो डोंबिवलीत असतो.

तरी स्टॉल वाया जात नाही. दुपारी गिऱ्हाईक नसताना बैलबाजारात फेरी मारावी आणि खरा धंदा बघावा. तिथे बॅनर नाही, पाकीट नाही, ‘घरगुती’ नाही. घेणारा आधी बैलाभोवती गोल फिरतो, वशिंडावर हात ठेवतो, मग जबडा उघडून दात बघतो. आदत आहे, दुसा आहे, चौसा आहे की जुळलेला, हे दात सांगतात. विकणाऱ्याचं वर्णन कोणी ऐकत नाही. मग बैल चालवून बघतात. भाव चारचौघांत बोलत नाहीत, उपरण्याखाली हातात हात देऊन बोटं दाबली जातात, दलाल मधे मान हलवतो, आणि दोन माणसांशिवाय आकडा कोणाला कळत नाही. आमच्या मते व्यवस्थापनाच्या पुस्तकांत या उपरण्यावर एक धडा असायला हवा. जोखीमही तिथली खरी असते. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा राज्यभरचे गुरांचे बाजार बंद झाले, आणि चारा घालून हंगामासाठी ठेवलेले बैल दावणीलाच राहिले. फेण्या निदान चारा खात नाहीत.

कागद

कागद शेवटी करायचे असतात, म्हणून ते शेवटी सांगतो.

उद्यम नोंदणी आधार कार्डावर होते, ऑनलाइन होते आणि फुकट होते. १ जुलै २०२० पासून ही सोय आहे. इंटरनेटवाला तीनशे मागतो, ते त्याच्या गृहउद्योगाला आपला हातभार समजावा. खाण्याची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. लहान उत्पादकाची फी वर्षाला शंभर रुपये आहे. मिळालेला चौदा आकडी क्रमांक, वजन, उत्पादनाची तारीख आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका पाकिटावर छापावा लागतो. ‘आईच्या हातची चव’ छापणं बंधनकारक नाही, तरी सगळे छापतात.

आता अनुदान. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान मिळतं, आणि स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. अर्जदार महिला असेल तर अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचे फक्त ५. आकडेमोड चौथीतला पोरगाही करून देईल. शिवाय बायको बचत गटात असेल तर तिचं बँकेत खातं जुनं असतं, हप्ते चुकलेले नसतात, आणि बचत गट बघणाऱ्या उमेद अभियानाच्या ताई तिला नावाने ओळखतात. मुंबईत दरवर्षी भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल मिळतो तोही गटाला, तुम्हाला नाही.

म्हणून व्यवहारी माणसाने अर्ज बायकोच्या नावाने भरावा. फॉर्म आणून चुलीपाशी तिच्यापुढे ठेवायचा आणि ‘इथे सही कर’ म्हणायचं. बहुतेक घरांत आजवर हे चालत आलेलं आहे.

अडचण एवढीच की गटाच्या मिटिंगांत जाऊन-जाऊन बायका हल्ली सहीच्या आधी वाचतात. ती हात पदराला पुसेल, फॉर्म उंबऱ्यात उजेडाला नेईल आणि सावकाश खालपर्यंत वाचेल. ‘मालकाचे नाव’ इथे तिचं नाव आहे, हे तिच्या लक्षात येईल. मग ती ‘प्रस्तावित कामगार’ या रकान्यावर बोट ठेवील.

“अहो, हे काय, शून्य?”

“घरातलेच आहोत ना आपण.”

“शून्य नको. एक लिहा. तुम्ही सकाळी पीठ वाटायला बसा, मला तेवढाच वेळ सुटतो. रोज ३१२ देईन. पेट्रोलचे वेगळे.”

या टप्प्यावर नवशिक्याने वाटाघाटी करू नयेत. हजेरी सहाला. तांदूळ काल रात्रीच उपसून ठेवलेत, मिक्सरचं भांडं फळीवर आहे, आणि कावळे हाकायला आता पोरगा बसणार आहे, शाळेला सुट्टी लागलीय.